केसाएवढ्या नळीचे अस्तर

मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे मासळीची बोली सुरू असते, तेव्हा मुरलेल्या गिऱ्हाइकाचा हात सगळ्यात आधी माशाच्या कल्ल्याकडे जातो. कल्ला उचलून तो आतून लाल आहे की काळपट, हे बघायचे. बोटाने दाबून मांस पुन्हा वर येते का, डोळा फुगीर आहे की आत गेला आहे, हे बघायचे. वास तर घ्यायचाच. ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि बहुतेक वेळा ती चुकतही नाही.

पण मासा कापून, साफ करून, गोठवून पाकिटात भरला की कल्लाही नसतो आणि डोळाही. हजारो किलोमीटर दूरच्या खरेदीदाराला तो ताजा होता की नाही, हे कशावरून सांगायचे? त्याचे उत्तर माशाच्या स्नायूतच लिहिलेले असते. मात्र ते वाचायला केसाएवढी बारीक काचेची नळी लागते. आणि त्या नळीच्या बाबतीत खरी मेख आहे ती तिच्या आतल्या भिंतीवर काय लावले आहे, यात.

मेलेल्या माशातले घड्याळ

प्रत्येक सजीव पेशी आपली कामे एटीपी नावाच्या रेणूच्या जोरावर करते. विश्रांती घेणाऱ्या माणसाच्या शरीरातसुद्धा दिवसभरात साधारण ४० किलो एटीपी खर्च होते, असा हिशेब जीवरसायनशास्त्रात सांगितला जातो. एवढा साठा अर्थातच शरीरात नसतो. तेच ते रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडले जातात आणि पुन्हा जोडले जातात.

एटीपी हा एक न्यूक्लिओटाइड आहे. न्यूक्लिओटाइडचे तीन भाग असतात : नायट्रोजन असलेला एक आधाररेणू, एक शर्करा आणि फॉस्फेटचा एक, दोन किंवा तीन मण्यांचा सर. तीन मणी असले की एटीपी, दोन असले की एडीपी, एक उरला की एएमपी. डीएनए आणि आरएनए हेही याच कुटुंबातल्या रेणूंच्या लांबच लांब माळा आहेत.

मासा मेला की एटीपी नव्याने बनणे थांबते, मोडणे मात्र चालूच राहते. एटीपीचे एडीपी होते, त्याचे एएमपी, मग आयएमपी, त्यातून इनोसिन आणि शेवटी हायपोझँथिन. आयएमपीपर्यंतचा प्रवास लवकर उरकतो. पुढचा टप्पा सावकाश चालतो आणि बर्फात तो आणखी मंदावतो. ताज्या मासळीच्या चवीत या आयएमपीचा मोठा वाटा आहे. शिंतारो कोदामा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये वाळवलेल्या बोनिटो माशातून आयएमपीचा क्षार वेगळा काढला आणि ‘उमामी’ चवीमागच्या पदार्थांत त्याची नोंद झाली. याउलट साखळीच्या टोकाचे हायपोझँथिन चवीला कडवट असते.

म्हणजे हे एक घड्याळच झाले. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी त्यावरून एक आकडा ठरवला, त्याला ‘के’ मूल्य म्हणतात. इनोसिन आणि हायपोझँथिन यांची बेरीज करायची, तिला सहाही पदार्थांच्या बेरजेने भागायचे आणि शंभराने गुणायचे. नुकत्याच पकडलेल्या माशात हा आकडा अगदी लहान असतो. तो २० च्या आत असेल, तर मासा कच्चा खाण्याजोगा ताजा, असा जपानमध्ये सर्वसाधारण संकेत आहे. माशाच्या जातीप्रमाणे हे घड्याळ कमीजास्त वेगाने चालते, त्यामुळे एकाच मोजपट्टीने सगळे मासे मोजता येत नाहीत.

इथे एक खबरदारी सांगायला हवी. हे घड्याळ वेळ सांगते, जंतू मोजत नाही. बांगडा किंवा सुरमई उन्हात राहिली, तर जिवाणूंमुळे त्यांत हिस्टामाइन तयार होते, ते शिजवूनही जात नाही आणि ते खाल्ल्यावर अंगावर लाली, पुरळ, डोकेदुखी असा त्रास होतो. त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

सहा सारखे पदार्थ वेगळे कसे करायचे?

माशाचा तुकडा आम्लात वाटून गाळून घेतला, की हे सहाही पदार्थ एकाच पाण्यात विरघळलेले मिळतात. सगळे रंगहीन. सगळे जवळपास एकाच तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतात. त्यामुळे नुसता प्रकाश टाकून कोण किती, हे सांगता येत नाही. आधी त्यांना एकमेकांपासून दूर करावे लागते, मग मोजावे लागते.

त्यांच्यातला उपयोगी फरक आहे विद्युतभाराचा. फॉस्फेटचा प्रत्येक मणी पाण्यात ऋणभार घेऊन वावरतो. साध्या, ना आंबट ना अल्कधर्मी अशा पाण्यात एएमपीवर साधारण दोन, एडीपीवर तीन आणि एटीपीवर चार ऋणभार असतात. इनोसिन आणि हायपोझँथिनवर फॉस्फेट नाही, म्हणून भारही नाही. अशा मिश्रणातून वीज सोडली, तर ऋणभाराचे रेणू धनाग्राकडे धावू लागतात. ज्याचा भार जास्त आणि अंग लहान, तो पुढे. या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये याचे पहिले भरवशाचे उपकरण मांडले. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या नळीत त्यांनी रक्तद्रवातली प्रथिने वेगळी करून दाखवली. अल्ब्युमिन आणि अल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन ही आज रक्ताच्या अहवालात दिसणारी विभागणी तिथलीच. १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

पण एक अडचण राहिली. वीज वाहिली की पाणी तापते. तापलेले पाणी वर जाते, थंड पाणी खाली येते आणि या घुसळणीत वेगळे झालेले पदार्थ पुन्हा एकमेकांत मिसळतात. म्हणून पुढच्या काळात पाणी धरून ठेवायला आधी कागद आणि मग जेल आले. टिसेलियस यांचेच विद्यार्थी स्टेलान हर्टेन यांनी दुसरी वाट धरली. १९६७ मध्ये त्यांनी सुमारे ३ मिलिमीटर व्यासाची नळी आडवी ठेवून ती स्वतःभोवती सतत फिरवत ठेवली, म्हणजे घुसळण एका जागी टिकत नाही. आणि नळीच्या आतल्या भिंतीला त्यांनी मेथिल सेल्युलोजचा पातळ लेपही दिला. तो कशासाठी, हे पुढे येईलच.

खरी झेप १९८१ मध्ये अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात घेतली गेली. जेम्स जॉर्गेन्सन आणि क्रिन लुकाच यांनी अवघ्या ७५ मायक्रोमीटर आतल्या व्यासाची काचेची नळी वापरली. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे ही पोकळी साधारण माणसाच्या केसाच्या जाडीची होते. इतक्या बारीक नळीत पाणी नाममात्र आणि त्या मानाने भिंत भरपूर. उष्णता भिंतीतून झटकन बाहेर पडते. म्हणून ३० हजार व्होल्टपर्यंत दाब देता येतो आणि तासांचे काम मिनिटांत होते. हीच कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे केशनलिकेतले विद्युत-विलगीकरण. पुढे काचेऐवजी शुद्ध सिलिकाच्या नळ्या आल्या. बाहेरून पॉलिइमाइडचे तपकिरी आवरण असल्याने त्या दोऱ्यासारख्या गुंडाळता येतात.

नमुनाही किती लागावा? काही नॅनोलिटर. पाण्याच्या एका थेंबात असे हजारो नमुने मावतील.

भिंत स्वस्थ बसत नाही

उष्णतेचा प्रश्न भरपूर भिंतीने सोडवला. पण भरपूर भिंत म्हणजे भिंतीचे उपद्व्यापही भरपूर.

सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल नावाचे गट असतात. पाणी फार आम्लधर्मी नसेल, तर ते आपला हायड्रोजन सोडून देतात आणि भिंतीवर ऋणभार उरतो. पाण्यातले धनभारित आयन त्या भिंतीलगत गोळा होतात. वीज सुरू झाली की हा भिंतीलगतचा थर ऋणाग्राकडे सरकतो आणि आपल्याबरोबर नळीतले सगळे पाणी ओढत नेतो. पंप नाही, उतार नाही, तरी पाणी वाहते. याला विद्युत-परासरणी प्रवाह म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉस्कोमध्ये रॉइस यांनी ओल्या मातीतून वीज सोडताना अशाच प्रकारे पाणी सरकताना पाहिले होते.

हा प्रवाह पुष्कळदा कामाचा असतो. धनभार असो, ऋणभार असो की भार नसो, सगळ्यांना तो एकाच टोकाला आणून सोडतो. पण न्यूक्लिओटाइड ऋणभाराचे असतात. त्यांना जायचे असते धनाग्राकडे आणि पाणी त्यांना ओढते ऋणाग्राकडे. खाडीत ओहोटी लागलेली असताना उलट दिशेने पोहणाऱ्या माणसासारखी त्यांची गत होते. हातपाय मारत तो शेवटी मागेच जातो. जो जोरात पोहतो तो सावकाश मागे जातो, एवढाच फरक.

याचा परिणाम समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करून पाहता येतो. खाडीचे पाणी ताशी ६ किलोमीटर वेगाने वाहते आहे, असे धरू. त्याविरुद्ध एएमपी ताशी ३, एडीपी ४ आणि एटीपी ५ किलोमीटर वेगाने पोहत आहेत. तर ते प्रत्यक्षात ताशी ३, २ आणि १ किलोमीटरने वाहत जातील. एक किलोमीटर खाली उभ्या असलेल्या माणसाजवळून एएमपी २० मिनिटांनी, एडीपी ३० मिनिटांनी आणि एटीपी ६० मिनिटांनी जाईल.

आता प्रवाह फक्त दहा टक्क्यांनी मंदावला, म्हणजे ताशी ५.४ किलोमीटर झाला. एएमपी २५ मिनिटांनी येईल, एडीपी सुमारे ४३ मिनिटांनी आणि एटीपी थेट १५० मिनिटांनी! प्रवाहातला दहा टक्क्यांचा बदल एटीपीच्या वेळेत अडीच पटींचा बदल घडवतो. प्रवाह आणखी मंदावला, तर एटीपी कधी पोहोचणारच नाही.

खऱ्या नळीतले आकडे वेगळे असतात, पण तिढा हाच. आणि तो प्रवाह स्थिर ठेवणे सोपे नसते. द्रावणाची आम्लता किंचित बदलली, खोलीचे तापमान बदलले, आधीच्या नमुन्यातली प्रथिने भिंतीला चिकटून राहिली, की प्रवाह बदलतो. सोमवारी आठव्या मिनिटाला दिसलेले शिखर गुरुवारी अकराव्या मिनिटाला दिसते. मग ते तेच आहे की शेजारचे, हा प्रश्न उभा राहतो.

भिंतीला गप्प बसवणारा लेप

म्हणजे भिंतीचा उपद्रव काढून टाकायचा, तर तिला झाकायचे. हर्टेन यांनी १९६७ च्या फिरत्या नळीत मेथिल सेल्युलोज लावले होते ते याचसाठी. १९८५ मध्ये त्यांनी केशनलिकेसाठी जास्त टिकाऊ उपाय प्रसिद्ध केला. आजही अनेक प्रयोगशाळांतल्या लेपांचा पाया तोच आहे.

त्याची कृती दोन पायऱ्यांची आहे. आधी नळीत दोन हातांचा एक रेणू सोडायचा. त्याचा एक हात सिलिकन असलेला, तो सिलिकाच्या भिंतीला रासायनिक बंधाने घट्ट धरतो. दुसरा हात मोकळा राहतो. रंगारी भिंतीला रंगाआधी प्रायमर मारतो, तसेच हे काम. मग ॲक्रिलामाइडचे द्रावण भरायचे आणि त्याच्या साखळ्या जुळू द्यायच्या. त्या जुळताना मोकळे हात त्यांत गुंफले जातात. शेवटी जादा द्रावण बाहेर ढकलून द्यायचे. भिंतीवर पॉलिॲक्रिलामाइडचे एक अतिपातळ अस्तर उरते. त्यावर विद्युतभार नसतो आणि ते पाणी धरून ठेवते. सुटे ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असते, म्हणून हे काम हातमोजे घालून आणि हवा ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचे असते. साखळी जुळल्यावर मात्र तो धोका उरत नाही.

अस्तर लागले की सिलॅनॉल झाकले जातात आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. खाडीचे तळे होते. आता वरचाच हिशेब पुन्हा करून बघावा. पाणी स्थिर आहे. एटीपी ताशी ५ किलोमीटरने पोहत १२ मिनिटांत पोहोचते, एडीपी १५ मिनिटांत आणि एएमपी २० मिनिटांत. क्रम उलटा झाला, वेळ कमी झाला आणि मुख्य म्हणजे प्रत्येक जण फक्त स्वतःच्या वेगाने पोहोचला. प्रवाहच नसल्याने त्याच्या चढउताराची झळ कोणाला लागत नाही. प्रत्यक्षात करायचे एवढेच, की विजेची दिशा बदलायची. नमुना ऋण टोकाला सोडायचा आणि मोजणारा डोळा धन टोकाजवळ ठेवायचा.

भिंतीला गप्प बसवण्याचे आणखीही मार्ग आहेत. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा लेप देतात. कधी लेप पक्का न लावता द्रावणातच एखादा पदार्थ घालतात आणि तो भिंतीला धरून राहतो. प्रत्येक वेळी नळी धुऊन तो ताजा करता येतो. कधी भिंतीवर मुद्दाम धनभाराचा पदार्थ बसवतात. मग प्रवाहाची दिशाच उलटते आणि न्यूक्लिओटाइडना तो पाठीमागून ढकलू लागतो. तेव्हा सगळे झपाट्याने पोहोचतात, पण वेळ कमी मिळाल्याने एकमेकांपासून फारसे दूर झालेले नसतात. घाई आणि नेटकेपणा यांत निवड करावीच लागते.

तळ्यात न हलणारे दोघे

तर मग प्रत्येक नळीला अस्तर लावून मोकळे का होऊ नये? याचे उत्तर माशातच आहे.

इनोसिन आणि हायपोझँथिन यांच्यावर साध्या पाण्यात भार नसतो. अस्तराच्या नळीत प्रवाह नाही आणि त्यांना स्वतःला पोहता येत नाही. ते जागचे हलतच नाहीत. पण माशाचे घड्याळ वाचायला नेमके तेच दोघे मोजायचे असतात. म्हणून इथे उघडी, अस्तराविना नळी घेऊन द्रावण चांगलेच अल्कधर्मी ठेवावे लागते. अशा द्रावणात या दोघांवरही ऋणभार येतो, भिंतीचा प्रवाह जोरात चालतो आणि एकामागोमाग एक सगळे मोजणीच्या जागी येतात. १९९० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी माशाच्या मांसातले न्यूक्लिओटाइड केशनलिकेने मोजून ताजेपणा ठरवता येतो, हे दाखवून दिले.

रुग्णाच्या किंवा प्रयोगातल्या पेशींमध्ये मात्र प्रश्न उलटा असतो. तिथे पहायचे असते ते एटीपी, एडीपी आणि एएमपी यांचे प्रमाण, म्हणजे पेशीच्या खिशात किती खुळखुळते आहे ते. १९६० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ डॅनियल ॲटकिन्सन यांनी त्यासाठी ‘ऊर्जाभार’ ही कल्पना मांडली. एटीपी पूर्ण धरायचे, एडीपी निम्मे धरायचे आणि बेरजेला तिघांच्या बेरजेने भागायचे. शंभर रेणूंपैकी ८५ एटीपी, १२ एडीपी आणि ३ एएमपी असतील, तर आकडा ०.९१ येतो. निरोगी पेशीत तो साधारण ०.८ ते ०.९५ च्या दरम्यान राहतो. रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूत तो घसरतो. इथे भरपूर भाराचे, उघड्या नळीत हटकून उशिरा पोहोचणारे रेणू अचूक मोजायचे असल्याने अस्तराची नळी उपयोगी पडते.

अर्थात नळी कितीही चांगली असली तरी नमुना घेताना उशीर झाला, तर सगळे व्यर्थ. ऊती शरीरातून काढल्यावर काही सेकंदांतच एटीपी मोडू लागते. म्हणून ती ताबडतोब द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात. नाहीतर मोजला जातो तो रुग्णाचा आजार नव्हे, तर परिचराचा उशीर.

या पद्धतीचे एक उणेही आहे. प्रकाश आरपार जायचा तो फक्त ५० ते ७५ मायक्रोमीटर. इतक्या कमी जाडीत फार विरळ पदार्थ दिसत नाहीत. त्यामुळे अनेक रुग्णालयांत आणि औषध कंपन्यांत आजही द्रव क्रोमॅटोग्राफी हीच रोजची पद्धत आहे. नमुना अगदी थोडा असेल किंवा भारांतला फरकच मोजायचा असेल, तेव्हा केशनलिका पुढे येते.

माणसाचा जनुकसंच याच नळीतून गेला

सुटे न्यूक्लिओटाइड वेगळे करणे हे एक काम. त्यांच्या माळा वेगळ्या करणे हे दुसरे आणि अस्तराने सगळ्यात मोठी कामगिरी बजावली ती तिथे.

डीएनएचा क्रम वाचायचा तर वेगवेगळ्या लांबीचे तुकडे करायचे आणि ते लांबीप्रमाणे लावायचे. ५०० न्यूक्लिओटाइडचा तुकडा आणि ५०१ चा तुकडा वेगळे दिसायला हवेत. पण डीएनएच्या प्रत्येक मण्यावर सारखाच भार असतो. माळ दुप्पट झाली की भारही दुप्पट आणि पाण्याचा विरोधही दुप्पट. त्यामुळे नुसत्या पाण्यात लहानमोठे सगळे तुकडे एकाच वेगाने धावतात. त्यांना चाळणी लागते.

आधी ही चाळणी म्हणजे दोन काचांमध्ये हाताने ओतलेले जेल असे. ते तयार करणे वेळखाऊ आणि नमुने धावताना ओळ सोडून शेजारच्या ओळीत शिरत. केशनलिकेत घट्ट जेल भरून पाहिले, तर त्यात बुडबुडे होत आणि नळी टाकून द्यावी लागे. मग जेलऐवजी लांब साखळ्यांचे दाट द्रावण भरायची युक्ती निघाली. काम झाले की ते दाबाने बाहेर ढकलायचे आणि नवे भरायचे. बॉस्टनमधल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या बॅरी कार्गर यांच्या प्रयोगशाळेने यात मोठे काम केले. पण भिंतीचा प्रवाह चालू असेल, तर अशा द्रावणातली विभागणी विस्कटते. म्हणून भिंत झाकणे अनिवार्य ठरले. पुढे पॉलिडायमेथिल ॲक्रिलामाइडसारखे पदार्थ आले, जे चाळणीचे काम करता करता स्वतःच भिंतीवर बसून अस्तरही होतात.

मानवी जनुकसंच प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याला १५ वर्षे लागतील असा अंदाज होता. १९९८ च्या सुमारास ९६ नळ्यांची स्वयंचलित यंत्रे बाजारात आली आणि वेग बदलला. माणसाने जेल ओतायचे, नमुने भरायचे, ही कामे यंत्र करू लागले. जून २००० मध्ये कच्च्या मसुद्याची घोषणा झाली, फेब्रुवारी २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि एप्रिल २००३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. ठरलेल्या मुदतीच्या दोन वर्षे आधी. बातम्यांत संगणकांचे आणि शास्त्रज्ञांचे कौतुक झाले, ते योग्यच होते. नळीच्या आतल्या अस्तराचे नाव कुठे आले नाही.

आज जनुकसंच वाचण्याच्या याहून कितीतरी वेगवान पद्धती आल्या आहेत. तरी एखाद्या जनुकातला एकच बदल खात्रीने पाहायचा असेल, तर पुष्कळदा केशनलिकेकडेच वळावे लागते. गुन्ह्याच्या तपासात, पितृत्वाच्या वादात, अपघातातल्या मृतांची ओळख पटवताना केली जाणारी डीएनए चाचणीही याच नळ्यांतून जाते. ती शेवटी तुकड्यांच्या लांबीचीच मोजणी असते.

एका अक्षराचा आजार

एका न्यूक्लिओटाइडने काय फरक पडतो, याचे उदाहरण महाराष्ट्राला दूर शोधावे लागत नाही. विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल आजार हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाने होतो. जिथे ‘ए’ हवे तिथे ‘टी’ येते. त्यामुळे प्रथिनातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते आणि तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात.

हा आजार रेणूतल्या दोषामुळे होतो, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. कशाच्या आधाराने? टिसेलियस यांच्याच पद्धतीच्या उपकरणाने. निरोगी माणसाचे आणि सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन विजेच्या ओढीने वेगवेगळ्या वेगाने सरकते, एवढे त्यांनी मोजले. पुढे १ जुलै २०२३ रोजी भारतात राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. या आजाराच्या तपासणीत पहिल्या चाचणीत संशय आला, तर खात्रीसाठी जी साधने वापरली जातात, त्यांत इलेक्ट्रोफोरेसिसही आहे. दोन्ही जोडीदार वाहक आहेत की नाहीत, हे लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला कळणे, यावर त्या कुटुंबाचे पुढचे निर्णय अवलंबून असतात. तिथे शिखर आठव्या मिनिटाला आले की अकराव्या, हा प्रयोगशाळेपुरता प्रश्न राहत नाही.

रोज सकाळची चूळ

अस्तर कायमचे नसते. पॉलिॲक्रिलामाइडचा लेप भिंतीला ज्या बंधाने धरलेला असतो, तो तीव्र अल्कधर्मी द्रावणात हळूहळू तुटतो. उघडी नळी रोज सकाळी सोडियम हायड्रॉक्साइडने धुतात, कारण तिची भिंत त्याने ताजी होते. तीच सवय अस्तराच्या नळीला लावली, तर काही दिवसांत अस्तर उतरते. बाहेरून काहीच दिसत नाही. नळी तशीच, यंत्र तसेच, पडद्यावर शिखरेही उमटतात. फक्त ती थोडी थोडी सरकू लागतात, पसरट होऊ लागतात आणि आकडे चुकू लागतात.

म्हणून काळजी घेणारी प्रयोगशाळा रुग्णाच्या नमुन्याआधी ज्ञात प्रमाणाचे मिश्रण सोडून बघते. एटीपी, एडीपी आणि एएमपी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रमाणात आले, तरच पुढचा नमुना लावते. नमुन्यातही एक ओळखीचा पदार्थ मुद्दाम मिसळते, म्हणजे प्रवाह सरकला तर त्याच्या वेळेवरून लगेच कळते. नळी किती वेळा वापरली याची नोंद ठेवते आणि वेळ झाली की काही सेंटिमीटरचा तो तुकडा हळहळ न करता टाकून देते.

ससून डॉकवरचे गिऱ्हाईकही याहून वेगळे काही करत नाही. एक खूण पुरेशी न मानता ते कल्ला बघते, मांस दाबून बघते, डोळा बघते आणि मगच भाव विचारते.